चार बोटं वर

समुद्रपूरच्या दवाखान्यात दोन दिवसांचं शिबिर झालं
त्याला तीन वर्षं झाली.
आत्राम सिस्टरनं गादीच्या फोमला चीर पाडली,
आतून नळीनं लाल पाणी सोडलं,
म्हणाली, कोंबा बोळा, आत, अजून आत,
आता दाबून धरा. उचलून पाहायचं नाही.
आम्ही अकरा जणी. हसलो पण होतो.

सर्टिफिकेट शिलाई मशीनच्या वर, भिंतीला.
त्याच्या खाली खिळा. खिळ्याला पिशवी.
मीच शिवली, बॅनरच्या कापडाची,
एका अंगाला अजून कोण्या उमेदवाराचा अर्धा कान दिसतो.
आत गॉज, रुंद पट्ट्या, हातमोजे, कात्री, मार्कर,
अन् दांडीवाले दोन पट्टे,
सरावाचा वेगळा, कामाचा वेगळा.

कात्री एका लग्नात फीत कापायला गेली,
धार तिकडंच ठेवून आली.
हातमोजे पोट्ट्यांनी होळीला फुगवले.
मार्करनं दिरानं गव्हाच्या पोत्यांवर नंबर टाकले.
दर बाजाराच्या दिवशी मी सगळं चादरीवर मांडते,
तारखा वाचते, सरलेलं भरते.
जाऊ म्हणते, "काहून वो,
कोणाच्या मरणाची वाट पाहून राहिली?"
मी सुईत दोरा ओवत राहते.
सण आल्यावर कापड बेतायला घेतलं
तर कोणाच्याच अंगात ब्लाउज जात नाही.

रात्री सगळे निजले की लाइट न लावता
सरावाचा पट्टा काढते.
डाव्या मांडीवर, एका हातानं.
चार बोटं वर. सांध्यावर नाही.
ओढ. पीळ. अडकव.
पाय झिणझिणला की सोडते.
आधी दीड मिनिट लागायचं,
आता वीस मोजेपर्यंत होतं.

मग सोयाबीनच्या हंगामात, वैरागड्यांच्या वावरात,
हडंब्यानं शालिकचा हात ओढला, बाहीसकट.
पोरगं पळत आलं, "काकू" म्हणालं,
पुढं त्याला बोलताच येईना.
पिशवी मी काढली की तीच हातात आली, आठवत नाही.

तिथं वीस माणसं अन् वीस औषधं.
हळद आणा. चुना लावा. माती दाबा.
एक म्हातारा म्हणे, पाणी पाजा बाप्पा त्याले.
फोम ओरडत नव्हता.
फोममधलं पाणी गार होतं, हे ऊन होतं.
एवढं मात्र शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

कोपराच्या वर, चार बोटं. ओढ. पीळ.
शालिकनं माझ्या माहेरापर्यंत शिव्या दिल्या.
अजून पीळ. धार थांबली.
दुखते म्हणून सैल करायचं नाही,
हे मी मोठ्यानं म्हटलं, कोणाला ते माहीत नाही.
जखमेत गॉज भरला, वरून अंगाचा भार दिला.
वेळ लिहायला मार्कर काढला
तर तो वाळलेला. पोत्यांवर संपलेला.

कमरेला शिंप्याचा खडू खोचलेला होता.
त्याच्या काळ्या शर्टावर, छातीशी,
जिथं मी एरवी खिशाची जागा आखते,
तिथं लिहिलं: चार दहा.

एकशेआठ आली तेव्हा पाच वाजायला आले होते.
आतल्या पोरानं आधी खडूचे आकडे वाचले,
मग माझ्याकडं पाहिलं, अन् दार लावलं.

दोन बोटं गेली. शालिक आहे.
परवा दुकानात आला, डाव्या हातात कापड,
"बाही जराशी ढिली ठेवजो," म्हणाला.
पट्टा त्याच्यासोबत गेला तो गेला,
नव्यासाठी मी सिस्टरकडं दोन चकरा मारल्या.
मार्कर दोन घेतले. एक लपवून ठेवला.

काल रात्री जाऊ माझ्या खाटेशी येऊन बसली.
बराच वेळ काही बोलली नाही,
मग लुगडं सावरत पाय लांब केला.
"चार बोटं म्हंजे कोणाची वो,
तुई का माई?"
लाइट लावायला उठली, तर मी हात धरला.
म्हटलं, राहू दे.
अंधारातच कर.